उजवीकडची खिडकी पकड!

परदेशात आपला मित्र राहतो म्हणजे अर्धी ट्रिप झालीच, असं आपण धरून चालतो. हॉटेलचा खर्च वाचला, सकाळी आल्याचा चहा मिळणार आणि कुठली बस कुठे जाते हे विचारायला हक्काचा माणूस! त्या माणसाला काय वाटत असेल, हा प्रश्न व्हिसाच्या फॉर्मवर नसतो. त्यामुळे तो सहसा कुणाला पडतही नाही.

आमचा हक्काचा माणूस नीसला असतो. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राला खेटून. इंग्रजी स्पेलिंग बघून 'नाइस' म्हणायचा मोह आवरा. शहर नाइस आहेच, पण नाव नीस. जवळच सोफिया अँटिपोलिस नावाचं भलंमोठं टेक्नॉलॉजी पार्क आहे, तिथे तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. मूळचा डोंबिवलीचा. ज्युनिअर कॉलेजातले आम्ही चौघं. त्यातले उरलेले तिघं, म्हणजे एक सीए, एक बँकवाला आणि मी, गेल्या सप्टेंबरात त्याच्या इवल्याशा फ्लॅटवर जाऊन धडकलो. सहा वर्षांत त्याच्याकडे आलेली ही चौदावी बॅच. हा आकडा त्यानेच सांगितला, एअरपोर्टवरून ट्राममध्ये बॅगा चढवताना, हसत हसत. आम्ही तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं... 'गाइड'.

गाइडची स्कीम तयारच होती. "एका दिवसात तीन देश. नाश्ता फ्रान्समध्ये, फोटो मोनॅकोत, जेवण इटलीत." बँकवाल्याने तिथेच स्टेटसचं कॅप्शन टाइप करून ठेवलं.

पण त्याआधी एक अख्खा दिवस नीसला द्यायचाच, यावर गाइड ठाम होता, आणि तो बरोबर होता. जुन्या नीसचे बोळ म्हणजे पिवळ्या-केशरी भिंती, हिरव्या लाकडी झडपा, मधे दोरीवर वाळत घातलेले कपडे. दोन घरांत अंतर इतकं कमी की समोरच्या काकूंनी वाटीभर साखर मागितली तर हातात देता येईल. याच बोळांत 'सॉका' मिळतो. लाकडाच्या भट्टीत, गाडीच्या चाकाएवढ्या तांब्याच्या थाळ्यात भाजतात. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. संपलं! वर मिरपूड, आणि हाताने तोडून खायचं. सीएने पहिला घास घेतला आणि ओरडली, "अरे, हे तर बेसनाचं धिरडं आहे!"

"प्रत्येक बॅच हेच म्हणते," गाइड म्हणाला. "माझी आई म्हणाली, ओवा घातला असता तर पचायला बरं."

बोळांच्या टोकाला एक मोठा चौक आहे, गॅरिबाल्डीच्या नावाचा. मधोमध त्याचा पुतळा. शाळेच्या इतिहासात इटलीचं एकीकरण पाठ केलेलं असतं, तोच हा गॅरिबाल्डी. जन्म 1807, आणि तो याच गावात! म्हणजे इटली एक करणाऱ्या माणसाचं जन्मगाव आज इटलीतच नाही. 1860 च्या आधी नीस सार्डिनियाच्या राज्यात होतं. ऑस्ट्रियाविरुद्ध मदत केल्याच्या बदल्यात 1860 मध्ये ते फ्रान्सला देऊन टाकलं. जनमत घेतलं, पण ते कसं घेतलं यावर लोक अजून वाद घालतात. गॅरिबाल्डी स्वतः नीसचा प्रतिनिधी म्हणून तूरिनच्या संसदेत होता, त्याने विरोध केला, पण उपयोग झाला नाही. बेळगावचं नाव काढल्यावर आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर काय होतं ते आठवा, म्हणजे हा पुतळा जरा वेगळा दिसायला लागतो.

संध्याकाळी प्रोमेनाद देझांग्ले, म्हणजे 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता'. थंडी चुकवायला इथे येणाऱ्या इंग्रजांनी 1820च्या दशकात पदरचे पैसे घालून ही वाट बांधून घेतली, म्हणून हे नाव. आता हा लांबच लांब रस्ता सात किलोमीटरचा आहे. अगदी मरीन ड्राइव्ह! तसाच वळणारा किनारा, तसेच जॉगिंगवाले, तशीच समुद्राकडे तोंड करून बसलेली जोडपी. फक्त बसायला कट्ट्याऐवजी निळ्या खुर्च्या आणि खाली वाळूऐवजी गोटे. अनवाणी पळत जायच्या फिल्मी कल्पना घरीच ठेवा.

याच रस्त्यावर 14 जुलै 2016 ला, राष्ट्रीय दिनाची आतषबाजी संपता संपता, एका माणसाने गर्दीत ट्रक घातला. 86 माणसं गेली. आता कडेने जाड खांब आणि पोलादी तारा आहेत. रोजचे लोक त्यांच्याकडे बघतही नाहीत. आपणही सीएसएमटीला मेटल डिटेक्टरमधून जाताना कुठे थांबतो? आम्ही चौघं मात्र थोडा वेळ काही न बोलता चाललो. 26 नोव्हेंबर 2008 ला आम्ही शाळेत होतो आणि त्या आठवड्यातलं प्रत्येकाला सगळं आठवतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मुद्दामच. इटलीतल्या व्हेंतिमिल्याचा आठवडी बाजार शुक्रवारी भरतो.

नीसहून निघणारी लोकल किनारा धरून मोनॅकोवरून थेट इटलीच्या हद्दीत शिरते. एकूण प्रवास तासाभराचाही नाही, आणि तिकीट इथल्या एका साध्या जेवणापेक्षा स्वस्त. गाइडने प्लॅटफॉर्मवरच ऑर्डर सोडली, "उजवीकडची खिडकी पकड!" समुद्र उजवीकडे असतो. डावीकडे बसलात तर तासभर दगडी भिंत बघाल. पण सकाळी आठच्या गाडीत खिडकी कसली मिळतेय? गाडी म्हणजे डोंबिवली फास्ट! मोनॅकोत काम करणाऱ्या बहुतेकांना तिथे राहणं परवडत नाही. वेटर, नर्स, बँकेतले क्लार्क, गवंडी असे हजारो लोक रोज फ्रान्स आणि इटलीतून येऊन-जाऊन करतात. आमच्या सीएने कोपर कसं लावायचं याचं प्रात्यक्षिक दिलं आणि व्हिलफ्रांशला एक सीट मिळवली. बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि खाली एकदम निळा गोल उपसागर... बँकवाला फोन काढायलाच विसरला. बास, यापुढे वर्णन करत नाही.

मोनॅको. खरं सांगायचं तर दोन तास पुरे. देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असे जवळपास पन्नास बसतील. स्टेशन डोंगराच्या पोटात, आणि तिथून वर-खाली करायला रस्त्यांवर फुकट लिफ्ट! कसिनोसमोर महागड्या गाड्या आणि त्यांचे फोटो काढणारे आपण. फॉर्म्युला वनची 1929 पासून होणारी शर्यत याच वळणांवरून जाते. ग्रेस केली 1956 मध्ये इथे राणी... चुकले, प्रिन्सेस झाली. हे सगळं तुम्हाला माहीत असतं.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच हिशोबाची. हा देश पूर्वी बराच मोठा होता. शेजारची मेंतों आणि रोकब्रून ही गावं त्याचीच. लिंबू आणि ऑलिव्ह तेलावरचे कर डोईजड झाले म्हणून 1848 मध्ये दोन्ही गावं फुटून निघाली आणि 1861 मध्ये राजाने त्यांच्यावरचा हक्क 40 लाख फ्रँकना फ्रान्सला विकला. बहुतेक जमीन गेली, उत्पन्न गेलं, मग काढला कसिनो. तो असा चालला की 1869 मध्ये नागरिकांचा इन्कम टॅक्सच रद्द! आणि खुद्द मोनॅकोच्या नागरिकांना तिथे जुगार खेळायला बंदी. "म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर राज्य," सीए म्हणाली. तिच्या आवाजात प्रोफेशनल आदर होता.

लिंबासाठी भांडलेलं मेंतों आजही लिंबाचंच आहे. फेब्रुवारीत तिथे लिंबाचा मोठा उत्सव असतो. आम्ही ते खिडकीतूनच बघितलं, कारण बाजार दुपारी आवरतो.

व्हेंतिमिल्या हे काही पोस्टकार्डवरचं गाव नाही, आणि तेच त्याचं सुख. किनाऱ्यालगत लांबलचक बाजार. चामड्याच्या बॅगा, स्वेटर, चीज, ऑलिव्ह, मोज्यांचे ढीग. निम्मं गिऱ्हाईक फ्रेंच. दारू आणि सिगारेट इथे स्वस्त म्हणून पिशव्या घेऊन येतात. भाव फ्रेंचमध्ये विचारायचा, उत्तर इटालियनमध्ये घ्यायचं, आणि पैसे दोघांचे एकच. कोल्हापूर-निपाणीच्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही. एका भट्टीवर पुन्हा तेच चण्याच्या पिठाचं धिरडं. इथे त्याचं नाव फरिनाता. हद्द ओलांडली, नाव बदललं, पीठ तेच.

आम्ही पुलाजवळ कॉफी घेतली. रोया नदी इथे समुद्राला मिळते. बँकवाला सहज म्हणाला, "मस्त लाइफ आहे रे तुझी. रोज हे."

"रोज हे?" गाइड हसला. "अरे, मी इथे चौदा वेळा आलोय. चौदाही वेळा कुणाला तरी दाखवायला."

मग हळूहळू बाहेर आलं. डिसेंबरात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. कंपनी वाढवून द्यायला तयार आहे. महिनाअखेरीला हो-नाही सांगायचंय. बाबांची बायपास मार्चमध्ये झाली, ती याने व्हिडिओ कॉलवर बघितली, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा बंद दरवाजा बघितला, मावसभावाने फोन धरला होता. आईला वाटतं त्याने यावं. तसं ती म्हणत नाही, फक्त "तिकडची हवा चांगली आहे, नाही?" असं दर दोन दिवसांनी विचारते. इथे पगार आहे, जरा आणखी थांबला तर पुढच्या कायमच्या कागदपत्रांचं काहीतरी होईल. तिकडे डोंबिवलीचा फ्लॅट आहे आणि दोन म्हातारी माणसं.

"तू ग्रुपवर काहीच बोलला नाहीस," सीए म्हणाली.

"ग्रुपवर तुम्ही टिकीट बुकिंगचे स्क्रीनशॉट टाकत होता. त्यात कुठे घालू?"

सीएने पर्समधून पेन काढलं आणि नॅपकिनवर दोन रकाने आखले. तिला दुसरं काही येत नाही. गाइडने तो नॅपकिन घडी करून खिशात ठेवला, न वाचता.

परतीच्या गाडीत फ्रान्सचं पहिलं स्टेशन मेंतों गारावाँ. इथे गाडी जरा जास्त थांबते. शेंगेन म्हणजे हद्दीवर तपासणी नाही, असं आपण पाठ केलेलं असतं, पण फ्रान्सने 2015 च्या शेवटी ती पुन्हा सुरू केली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पुढे जाऊ न दिलेले कितीतरी लोक हद्दीजवळच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर बसून राहिले होते. त्या जागेचं इटालियन नाव 'लाल खडक', आणि तिथल्या गुहांत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे सापडलेत. माणसं या वाटेने तेव्हापासून ये-जा करताहेत.

गणवेशातली दोन माणसं डब्यात आली. गाइडचं कार्ड त्यांनी मागायच्या आधीच हातात होतं, आपण टीसी दिसला की पास काढतो तसं. आमचे पासपोर्ट उघडले, व्हिसाचं पान बघितलं, मान हलवली. समोरच्या दोन आजीबाईंना काही विचारलं नाही. मागच्या सीटवर सतरा-अठराचा एक मुलगा होता, पाठीवर शाळेसारखी सॅक. त्याच्याकडे कागद नव्हते. तो वाद न घालता उठला, सॅक नीट अडकवली आणि खाली उतरला. गाडी सुटली तेव्हा प्लॅटफॉर्मवर तो बुटाची लेस बांधत होता.

"परत इटलीत पाठवतील," गाइड म्हणाला. "उद्या पुन्हा येईल. मी काही चेहरे ओळखायला लागलोय." मग थोड्या वेळाने, "मला दोन्हीकडे जाता येतं आणि मी रडतोय." त्यावर कुणाकडेही उत्तर नव्हतं. बँकवाल्याने बाजारातले ऑलिव्ह पुढे केले.

प्लॅनप्रमाणे आम्ही नीसला जाऊन टेकडीवरून सूर्यास्त बघणार होतो. व्हिलफ्रांश आलं तेव्हा सीए अचानक म्हणाली, "गाइड, तू या पाण्यात कधी उतरलायस?"

"मी बॅगा सांभाळतो. कुणीतरी सांभाळायला लागतात ना."

तिने त्याला अक्षरशः ढकलत खाली उतरवलं. हे स्टेशन थेट किनाऱ्यावर आहे, जिना उतरला की पाणी. दिवसभर तापलेला समुद्र, सहा वाजले तरी ऊन. त्याने शर्ट काढला, घड्याळ काढलं, फोन, पाकीट आणि तो नॅपकिन माझ्या हातात दिला आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन नुसता उभा राहिला. मग पोहायला लागला. व्यवस्थित, लांब हात मारत, बोटींच्या दिशेने.

माझ्या हातात त्याचा फोन वाजला. 'आई'. तिकडे रात्रीचे साडेनऊ.

"काकू, तो पोहतोय."

"पोहतोय? आत्ता?" मग जरा थांबून, "एकटाच?"

"आम्ही आहोत इथे."

"बरं बरं. मग पोहू दे त्याला. दिसतोय ना पण तुला?"

दिसत होता.