तांबडा आकडा

पूर्वी टपालवाला दारात हाक मारी, पत्र हाती देई आणि पुढल्या घरी निघून जाई. मोबाइलमधला टपालवाला मात्र दारातून हलत नाही. पडद्यावरील चित्राच्या कोपऱ्यात तांबडे वर्तुळ करून तो उभाच राहतो आणि न वाचलेल्या निरोपांचा आकडा त्यात वाढत जातो. या आकड्याला मोजता येते, तोलता येत नाही. सकाळच्या शुभेच्छांची ३७ फुले आणि गावाहून आलेला आजीचा एक निरोप मिळून तो ३८ एवढेच सांगतो.

हा आकडा दिसला, की काही मुलांना चैन पडत नाही. भराभर एकेक निरोप उघडायचा नि मिटायचा. आकडा गेला, की जणू अभ्यास संपला! अशाच एका सायंकाळी एका नातवाने आजीचा निरोपही उघडून मिटला. व्हॉट्सॲपवर २०१४ सालापासून निरोप उघडताच पाठवणाऱ्याकडे दोन खुणा निळ्या होतात. गावी आजीने त्या पाहिल्या. नातवाने वाचले, आता उत्तर येईल, म्हणून ती दिवा मालवीपर्यंत वाट पाहत बसली.

निरोप एवढाच होता : "बाळा, कपिला व्याली. वासराचे नाव काय ठेवू?"

दोन दिवसांनी तो त्याच्या ध्यानी आला. 'न वाचलेला' अशी खूण त्यावर पुन्हा करता येते. पण तिकडच्या निळ्या खुणा त्याने पुसत नाहीत. मुलाने आजीचे नाव यादीत सर्वांत वर टाचून ठेवले आणि लगेच फोन लावला. आजी मुळीच रागावली नव्हती. वासराचे नाव मात्र ठेवून झाले होते.