वाढत्या अंगाची सायकल

मुलाला कपडे शिवावयाचे ते वाढत्या अंगाचे, हा आपल्या घरांतील शिरस्ता. बीएमएक्स सायकलीला मात्र तो लावूं नये. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत जन्मलेल्या या खेळांतील बहुतेक सायकलींचीं चाकें २० इंचीच. भेद असतो तो सांगाड्यांत. शर्यतीची सायकल हलकी व लांबट. तिच्यावर पायऱ्या-कठड्यांवरील कसरती करणें म्हणजे शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपणें! तेथें दणकट पोलादी सांगाडा आणि आंसाला खुंट्या हव्यात. सपाट जमिनीवर तोल साधणाऱ्याची सायकल आंखूडच बरी. तेव्हां मुलाला काय खेळावयाचें आहे, हें आधीं त्यालाच विचारावें आणि त्याच्या आजच्या उंचीला साजेल अशी सायकल घ्यावी. मोठी घेतल्यास उडी मारतांना ती त्याला आवरत नाहीं, आणि वांचविलेले पैसे हाडवैद्याकडे जातात. शिरस्त्राणहि सैल असून चालत नाहीं.