गिरगावातून गुलमर्गला

गिरगावच्या चाळीत वाढलेली ती बऱ्याच हिवाळ्यांनंतर पुन्हा गुलमर्गला आली. उंची सुमारे २,६५० मीटर. चार पावलं टाकली की धाप.

स्कीचे बूट टणक, घोटा हलू देत नाहीत. उतार दिसला की अंग आपसूक मागे झुकतं आणि तिथेच घात होतो: भार मागे गेला की स्कीची पुढची टोकं हलकी पडतात, वळता येत नाही. नडगी बुटाला पुढे टेकवायची, टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली. वेग मंदावतो. पायांना हे अजून आठवत होतं, याचा तिला केवढा आनंद!

गोंडोला, म्हणजे इथली केबल कार, अफरवट शिखरावर ३,९०० मीटरच्या वर नेते. तिथे ती गेली नाही, आणि ते योग्यच. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच डोंगरावर हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला होता. नवशिक्यांच्या उतारावरच तिची दुपार सरली. निघताना दुकानदाराला तिने उद्यासाठीही तेच बूट ठेवायला सांगितलं.