गिऱ्हाइकाचा न विचारलेला प्रश्न

आंब्याची पेटी घेताना माणूस विक्रेत्याला फार तर "गोड निघेल ना?" एवढंच विचारतो. "साखर आहे साहेब," हे उत्तरही ठरलेलं असतं. खरे प्रश्न तो रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलला विचारतो. हा आंबा देवगडचाच कशावरून? पेटीच्या खालच्या थरात बारकी फळं घालतात का? कार्बाइडने पिकवलेला आंबा ओळखायचा कसा? हेच तोंडावर विचारलं तर समोरच्याला चोर म्हटल्यासारखं होईल. म्हणून जे ओठांवर येत नाही, ते गुगलच्या चौकटीत बिनदिक्कत लिहिलं जातं.

कोकणातल्या आणि देशावरच्या लहान धंद्यांसाठी ब्लॉग लिहिणं, आणि त्यांच्या वेबसाइट शोधणाऱ्याला सापडतील अशा बांधून देणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. धंद्यातले लोक त्याला एसईओ म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. गिऱ्हाइकाने न विचारलेला प्रश्न हुडकायचा आणि त्याचं उत्तर धंदेवाल्याकडून काढून घ्यायचं. यातलं दुसरं जास्त अवघड.

प्रश्न हुडकायला साधनं आहेत. गुगलचं सर्च कन्सोल मोफत मिळतं. वेबसाइट आपलीच आहे हे एकदा सिद्ध केलं, की लोकांनी कोणते शब्द लिहिल्यावर आपलं पान त्यांच्यापुढे आलं, किती जणांनी ते उघडलं आणि ते सरासरी कितव्या क्रमांकावर होतं, हे सगळं तिथे दिसतं. माणसं दिसत नाहीत, त्यांचे शब्द दिसतात. एकच हापूस रोमन अक्षरांत कुणी 'यू' घालून लिहितो, कुणी दोन 'ओ' घालून. कुणी थेट अल्फान्सो म्हणतो. देवगडच्या शेपटाला कुणी 'एच' लावतो. मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्यांची तर रांगच असते. नवशिका लेखक ही यादी बघून चेकाळतो आणि सगळी स्पेलिंगं एका परिच्छेदात कोंबतो. त्याची गरज नसते, कारण शुद्धलेखनाचे असले फरक गुगल बऱ्यापैकी सांभाळून घेतं. मी त्या यादीत स्पेलिंग बघत नाही, काळजी बघते. 'पेटी किंमत' लिहिणारा भाव काढतोय. 'घरी आंबा कसा पिकवायचा' लिहिणाऱ्याच्या घरात हिरवी पेटी येऊन पडलेली आहे आणि पाहुणे रविवारी यायचे आहेत. दोघांना एकच पान दाखवून चालत नाही.

आता उत्तर काढून घेण्याची गोष्ट. कुठल्याही धंदेवाल्याला "तुमच्या वेबसाइटवर काय लिहू?" असं विचारा, "उत्कृष्ट दर्जा, रास्त भाव, तत्पर सेवा" हेच तो सांगणार. त्याच्या शेजारचा आणि शेजारच्या तालुक्यातलाही हेच सांगतो. म्हणून मी तसं विचारत नाही. तक्रारीचा शेवटचा फोन कशाबद्दल आला होता, हे विचारते. देवगड तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी या प्रश्नावर जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "साको."

हापूस खाणाऱ्या प्रत्येकाला साका कधी ना कधी भेटलेला असतो. फळ बाहेरून सोन्यासारखं, आणि कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा भुसभुशीत आणि आंबूस. फळ कापेपर्यंत बाहेरून काही कळत नाही, ना गिऱ्हाइकाला ना बागायतदाराला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'रत्ना' जातीत हा विकार होत नाही. पण लोकांना हापूसच हवा असतो. मी म्हटलं, पहिला लेख यावरच लिहू. काका भडकलेच. "ह्या कित्याक लिवतास? गिऱ्हाईक पळान जातला."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आपल्या मालाचा दोष आपणच चव्हाट्यावर मांडायचा, हे कुठल्याही व्यापाऱ्याच्या गळी सहज उतरत नाही. पण ज्या माणसाने 'आंबा आतून पांढरा का निघाला' असं लिहून शोध घेतला, त्याला तो दोष आधीच माहीत झालेला असतो. आता त्याला एवढंच कळायचं असतं, की आपल्याला फसवलं की नाही. त्याला उत्तर कुणी तरी देणारच आहे. ते काकांनी दिलं तर काय बिघडलं? यावर आमची बरीच घासाघीस झाली आणि शेवटी एका प्रश्नापाशी गाडी अडली: पेटीत साका निघालेल्या फळांचं करायचं काय? त्यावर काकांकडे आजवर नियमच नव्हता. ज्याने आरडाओरडा केला त्याला भरपाई, जो गप्प बसला त्याला काही नाही. लेखात "आम्ही भरपाई देतो" असं लिहायचं तर आधी ती कशी देतो हे ठरवायला हवं. मग ठरलं. कापलेल्या फळाचा फोटो पाठवायचा आणि तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त घालायची. ब्लॉगचा हा फायदा कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही. चारचौघांत लिहून द्यायचं म्हटलं, की धंद्याला आपले नियम पक्के करावे लागतात.

बाकीचे लेख मग भराभर झाले. अढी कशी घालायची, एकावर एक थर का नकोत, कच्चं फळ फ्रिजमध्ये का ठेवू नये. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. 2018मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. त्यामुळे कुठूनही आलेल्या आंब्याला हापूस म्हणता येत नाही. हे सगळं काकांना पाठ होतं. फक्त ते कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

येवल्याच्या एका विणकर कुटुंबाकडे हाच अनुभव आला. पैठणी घेणाऱ्या बाईच्या मनातला प्रश्न असतो, ही खरंच हातमागावरची का? दुकानात ती "रंग जाईल का?" एवढंच विचारते. विणकराने मला काही न बोलता पदर उलटा करून दाखवला. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून-पुढून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेला मागे सुटे धागे लोंबत असतात. मी तिथेच त्या उलट्या पदराचा फोटो काढला. त्या फोटोला नाव दिलं, खाली दोन ओळी लिहिल्या, आणि जे यंत्राला दिसत नाही ते सांगणारा पर्यायी मजकूरही जोडला. येवल्याच्या पैठणीवर लिहिलेल्या पानांना तोटा नाही. मोर, कमळ, पेशवाई हे सगळ्यांकडे असतं. उलटा पदर विणकराच्या घरी सापडतो.

या धंद्याला वाईट नाव आहे, आणि ते उगाच नाही. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल सुरू केलं तेव्हा त्यांची मूळ कल्पना साधी होती: एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून दुवे येतात, त्यावर त्याची पत ठरवायची. स्थळ बघताना आपण मुलाला विचारत नाही, गावात चौकशी करतो, तसं. पण चौकशीला येणार हे कळल्यावर लोक गावालाच पैसे चारू लागले. दुवे विकत मिळू लागले. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवले गेले. गुगलने 2009मध्ये जाहीर केलं, की पानाच्या पोटात लिहिलेली कीवर्डची यादी आम्ही क्रम लावताना बघतच नाही. तरी ती यादी भरून देण्याचे पैसे घेणारे आजही भेटतात. 2011मध्ये 'पांडा' नावाचा बदल आला आणि पोकळ मजकुराचे कारखाने आपटले. 2012च्या 'पेंग्विन'ने विकतच्या दुव्यांना दणका दिला. "आठ दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटीने" असा फोन तुम्हाला आला, तर लक्षात ठेवा: पहिल्या क्रमांकाची खात्री कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलने आपल्या सूचनांमध्ये लिहून ठेवलं आहे.

मराठीत काम करणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या. लहान धंद्याचं भावपत्रक बहुतेक वेळा डीटीपीवाल्याकडून आलेलं चित्र असतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर झकास दिसतं. पण चित्रातला मजकूर शोधात नीट उतरेल याचा भरवसा नाही. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर आणखी मजा. आपल्या डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग. म्हणून नव्या गिऱ्हाइकाकडे गेलं, की माझं पहिलं काम त्याची माहितीपत्रकं पुन्हा टाइप करण्याचं असतं. वेबपानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर गुगलची तक्रार नसते. पण तो पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला, की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि समोरचा व्हायरस समजून ती उघडतच नाही. मी पत्ता रोमनमध्ये आणि आटोपशीर ठेवते. पान मराठीत हवं की इंग्रजीत, यावर वाद घालत नाही, दोन्ही करते. बेंगळुरूत वाढलेली मराठी मुलगी इंग्रजीत शोधते आणि फोनवर आईशी मराठीत बोलून ऑर्डर देते.

ज्याच्याकडे गिऱ्हाईक स्वतः चालत येतं, त्याने ब्लॉगच्या आधी गुगलवरची धंद्याची नोंद नीट करावी. नाव, नकाशावरची जागा, वेळा, सुट्टीचा वार, ताजे फोटो. मालवणजवळच्या एका होमस्टेसाठी लिहिताना आम्ही ठळकपणे घातलं, की गाडी दारापर्यंत येत नाही, शेवटचा तुकडा चालावा लागतो. आणि पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. जुलैत किल्ला बघायला म्हणून आलेला पाहुणा किनाऱ्यावरून परत फिरतो आणि राग होमस्टेच्या परीक्षणात काढतो. तो आलाच नसता तर मालकाचा तोटा एका खोलीचा. चिडून गेला, तर त्याचे शब्द पुढचा प्रत्येक पाहुणा वाचतो.

वेळेचं भान हा या कामाचा अर्धा भाग आहे. नवं पान शोधात रुळायला काही महिने लागतात. आंब्याचे शोध गुढीपाडव्याच्या आसपास वाढतात, म्हणून आंब्याचे लेख मोहोराच्या दिवसांत तयार हवेत. परदेशी फराळ पाठवणाऱ्याने चकली कुरिअरने मोडते का आणि अनारसे किती दिवस टिकतात, याची उत्तरं गणपतीच्या आधी लिहिलेली असावीत. दिवाळीच्या तोंडावर जे माझ्याकडे येतात त्यांना मी पैसे वाचवायला सांगते आणि पुढच्या वर्षाचं काम सुरू करते.

आता लोक विचारतात, कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर तुमचं काय? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट 2024पासून भारतातही गुगल काही शोधांवर स्वतःच उत्तराचा सारांश देतं; वाचणारा खाली उतरतच नाही. 'आंबा खाण्याचे फायदे' छापाचे लेख लिहून चालणारी घरं त्यामुळे बसणार. बसू देत. तसला मजकूर आता फुकट तयार होतो, आणि फुकटच्या गोष्टीला बाजारात भाव नसतो. गुगलनेही आपल्या मूल्यमापकांच्या मार्गदर्शिकेत 2022च्या डिसेंबरात एक निकष वाढवला: लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव. साका निघाला तर काकांच्या बागेतून काय परत मिळतं, हे काकांनी सांगितल्याशिवाय कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. उलटा पदर कुणी तरी हातात धरून दाखवावाच लागतो.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. जागा स्वतःची घ्या. मार्च 2024मध्ये गुगलने लहान धंद्यांना दिलेल्या फुकट वेबसाइट बंद केल्या. तिथेच सगळं मांडून बसलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. फेसबुकचं पान असू द्या, इन्स्टाग्रामही असू द्या. पण आपल्या नावाचं डोमेन आपल्या ताब्यात, आपल्या ईमेलवर नोंदलेलं हवं. ते बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर नको.

आणि ब्लॉगने बुडता धंदा तरत नाही. माल वाईट असेल तर चांगल्या लेखाने त्याची वाईट बातमी लवकर पसरते. पण माल चांगला असेल, तर तुमच्यासारखं कुणी लिहू शकणार नाही. उद्या दुकान उघडल्यावर गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. दिवसभरात गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपा. ज्याचं उत्तर द्यायला तुम्हाला अवघड वाटलं, त्यावर खूण करा. पहिला लेख त्यावर लिहा, आणि खरं लिहा.