वज्रकरूरची तांबडी माती

हिरा म्हटला की राजाचा मुकुट नाहीतर सराफाची पेढी डोळ्यांपुढे येते. त्या हिऱ्याचे जन्मगाव कसे असेल, याचा विचार सहसा कुणी करीत नाही. आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात वज्रकरूर नावाचे गाव आहे. ते पाहावे म्हणून आम्ही तिघे स्नेही पावसाळ्याच्या तोंडावर निघालो.

मुंबईहून चेन्नईकडे जाणारी गाडी गुंतकल जंक्शनवरून जाते. खिडकीजवळ जागा मिळाली तर तिकिटाच्या पैशात जमिनीचा इतिहासही वाचून होतो. सोलापूरपर्यंत आपला ओळखीचा काळा पाषाण. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कलबुर्गीच्या पुढे शहाबाद व वाडी लागते. आपल्या चाळीतल्या घरांत बसवलेली शहाबादी फरशी याच भागातील चुनखडीची. कृष्णा ओलांडून रायचूर आले की माती तांबडी होते आणि एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे दिसू लागतात. हा खडक सुमारे २५० कोटी वर्षांचा, काही ठिकाणी त्याहूनही जुना. गाडी पुढे धावते आणि आपण मात्र काळात मागे मागे जातो.

या म्हाताऱ्या खडकाचा हिऱ्याशी काय संबंध? संबंध मुळांचा आहे. वडाचे झाड जितके जुने तितकी त्याची मुळे खोल. पृथ्वीवरील अतिप्राचीन भूखंडांचेही तसेच. त्यांची जाड व त्यामानाने थंड मुळे दीडशे-दोनशे किलोमीटर खाली गेलेली असतात. तिथल्या प्रचंड दाबाखाली कार्बनचा हिरा होतो. कोळशात आणि पेन्सिलीच्या शिशात असतो तोच हा कार्बन!

मग तो वर कसा आला? त्याहून खोलवरून निघालेला, वायूंनी भरलेला एक तप्त रस वाटेतले दगड आणि हिरे उचलीत वेगाने वर आला. तो सावकाश आला असता तर वाटेतच हिऱ्याचे शिसे झाले असते. जमिनीजवळ त्याचा स्फोट झाला आणि गाजराच्या आकाराची नळी तयार झाली. या खडकाला किंबर्लाइट म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे १८७१ साली हिरे सापडले. पुढे हेन्री कार्व्हिल लुईस यांनी १८८७ साली त्या गावावरून हे नाव दिले. वज्रकरूरच्या नळ्या सुमारे ११० कोटी वर्षांच्या. किंबर्लाइट हिरा घडवीत नाही, तो केवळ ओझे वाहणारा हमाल आहे.

गावात पोहोचलो तो पहिला पाऊस पडून गेला होता. भुईमुगाच्या शेतांतून बायामाणसे ओळीने वाकून चालत होती. कुणी बाहेरगावाहून भाकरीचे गाठोडे बांधून आलेले. वीज पडते तिथे हिरा निघतो, अशी समजूत आम्ही ऐकली. 'वज्र' म्हणजे वीजही आणि हिराही, त्यातून ती निघाली असावी. खरे कारण साधे आहे. नळ्यांचा खडक युगानुयुगे झिजला, त्यातील हिरे मातीत मिसळले. पाऊस वरची माती धुतो आणि खडा चमकतो. देव प्रसन्न होण्याचा इथे प्रश्नच नाही.

एका शेतमजूर बाईंना आम्ही विचारले, "सापडला तर किती मिळतील?" त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "व्यापारी देईल तेवढे." अनंतपूर हा कमी पावसाचा जिल्हा. पीक बुडाले की माणूस खड्याच्या आशेने वाकतो. पण कच्चा खडा पारखण्याची विद्या त्याच्याजवळ नाही. ज्याच्या हाती तराजू, त्याच्याच तोंडी भाव!

हे आजचेच नाही. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याने कृष्णाकाठची कोल्लूरची खाण पाहिली. तिथे साठ हजारांच्या आसपास माणसे राबत होती, असे तो लिहितो. पुरुष खणीत, बाया आणि मुले माती वाहत. हिऱ्यांची नावे इतिहासात राहिली, माती वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव उरले नाही.

गुत्तीजवळ एर्रगुडी येथे सम्राट अशोकाचे शिलालेख आहेत. १९२८-२९ च्या सुमारास ते जगासमोर आणले एका भूगर्भशास्त्रज्ञानेच. दास आणि सेवक यांच्याशी नीट वागावे, असे तिथल्या लेखांत कोरलेले आहे. त्याच प्रदेशात आजही राबणारा हात रिकामाच राहावा, ही गोष्ट मनाला लागते.

आई-वडिलांनो, मुलांना या वाटेने एकदा जरूर न्या. खिडकीतून दगड ओळखायला शिकवा. उद्या त्यांच्यातून एखादी मुलगी भूगर्भशास्त्र शिकली, तर मातीत काय आहे आणि त्याचे मोल किती, हे शेतात वाकलेल्या माणसाला सांगणारे आपले कुणीतरी असेल.