पडणारा घोडेस्वार

मुलांना घेऊन इतिहास पाहायला निघू नये, हे मला आता अनुभवानं पटलं आहे. इतिहास शेकडो वर्षं जागचा हलत नाही आणि मुलं एका जागी दोन मिनिटं उभी राहत नाहीत. या दोघांच्या मध्ये बापाची जी ओढाताण होते, तिची नोंद कोणत्याही बखरीत नाही!

गेल्या मे महिन्यात आम्ही ब्रिस्टलला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिथून एका दिवसात वेल्स आणि बाथ ही दोन जुनी गावं पाहून यायचं असा बेत मी बसच्या वेळांसकट कागदावर मांडला. आदल्या रात्रीच विघ्न आलं. चिरंजीवांच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल फोनवर कळला. यादीत नाव नव्हतं. मी रागावलो नाही. रागावलो असतो तर बरं झालं असतं. मी नुसता बोलायचा थांबलो.

वेल्स हे दहा-बारा हजार वस्तीचं गाव. पण तिथलं कॅथीड्रल पाहून छाती दडपते. दर्शनी भिंतीवर मध्ययुगातले सुमारे तीनशे दगडी पुतळे अजून उभे आहेत. आत गेल्यावर समोर कात्रीसारख्या एकमेकींवर टेकलेल्या दोन प्रचंड कमानी दिसतात. मनोऱ्याचा भार पेलेना, तो कलायला लागला, म्हणून १३३८ ते १३४८ या दहा वर्षांत हा टेकू दिला. मी हे सांगत होतो, पण ऐकणारं कुणी नव्हतं. मंडळी घड्याळाखाली जमली होती.

हे घड्याळ १३९०च्या सुमाराचं. त्याचं मूळ यंत्र आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. तबकडीच्या मध्यभागी पृथ्वी आणि तिच्याभोवती फिरणारा सूर्य. कोपर्निकस अजून जन्मायचा होता. दर पाव तासाला वर छोटे घोडेस्वार गरगर फिरतात, भाले रोखतात, आणि एक बिचारा घोड्यावरच मागे आडवा होतो. शतकानुशतकं तोच! बाजूला उंचावर बसलेला जॅक नावाचा लाकडी बुवा टाचांनी घंटा वाजवतो.

आमची पाच वर्षांची चिमी टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी तो जिंकेल ना?"

"नाही. तोच पडतो."

"रोज? दादासारखा नापास?"

सौ.नं तिला गप्प केलं. चिरंजीव मान वर करून घड्याळाकडेच पाहत राहिले. मी कागद काढला आणि म्हटलं, "चला, बस चुकेल." तर हे महाशय म्हणाले, "बाबा, आणखी एकदा पाहू या. तो आत जाऊन सरळ कसा होतो, ते दिसत नाही इथून."

आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. मग आणखी पंधरा. सरळ होताना तो काही दिसला नाही. बस अर्थातच गेली. बिशपच्या वाड्याभोवतालच्या खंदकातले हंस दोरी ओढून घंटा वाजवतात आणि खाणं मागतात, ही ख्याती ऐकली होती. उरलेल्या वेळात तिथं गेलो, तर हंसांचं पोट भरलेलं असावं. सौ. म्हणाली, "अहो, तो कागद आता खिशातच ठेवा." ठेवला.

बाथला पोहोचायला दुपार कलली. गावाचं नाव ऐकून आत्यानं मुलांच्या पिशवीत टॉवेल घातले होते! जमिनीतून रोज अकरा लाख लिटरांहून अधिक ऊन पाणी वर येतं, शेहेचाळीस अंशांचं. रोमनांनी बसवलेला शिशाचा पत्रा अजून तळाशी आहे. पण त्या हिरव्या पाण्यात बोटही बुडवू देत नाहीत. चिमीनं टॉवेल गळ्यात घालून निषेध नोंदवला.

संग्रहालयात शिशाच्या पातळ पत्र्यांचे तुकडे मांडले होते. न्हायला आलेल्यांचे कपडे चोरीला जात, तेव्हा ते सुलिस मिनर्व्हा या देवीला पत्र्यावर तक्रार कोरून देत आणि पत्रा गुंडाळून पाण्यात टाकत. एकाचे दोन हातमोजे गेले होते. तेवढ्यासाठी चोराची बुद्धी आणि डोळे जावेत अशी त्याची मागणी! काही शाप तर उलट्या अक्षरांत लिहिलेले.

चिरंजीव बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते. मग हळूच म्हणाले, "बाबा, मलापण एक पत्रा पाहिजे."

"तुझं काय चोरीला गेलंय?"

"काही नाही. गणिताचा पेपर काढला ना, त्यांच्यासाठी."

मला हसू आवरेना. आजूबाजूची इंग्रज मंडळी वळून पाहू लागली. तो आधी दचकला, मग तोही हसायला लागला.

"किती गणितं राहिली होती रे?" मी विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"सहा. वेळच पुरला नाही. घड्याळाकडे पाहिलं आणि सगळं विसरलो."

परतीच्या गाडीत त्यानं ती सहा गणितं मला आठवून सांगितली. दोन मलाही सुटली नाहीत.