साहेब नसलेली पेशी

माझा एक समज होता, आणि तो इतका मुरलेला होता की तो समज आहे हेच मला कळत नव्हतं. जिवंत पेशीला केंद्रक असतं, केंद्रक सांगतं आणि बाकीची पेशी ऐकते. शाळेत बाईंनी फळ्यावर गोल काढला, मधोमध ठसठशीत ठिपका दिला आणि म्हणाल्या, हा ऑफिसातला साहेब. तो साहेब पुढे डी.एम.एल.टी.च्या वर्गात माझ्याबरोबर आला, रक्तपेढीत माझ्याबरोबरच नोकरीला लागला आणि माझ्या डोक्यात खुर्ची टाकून बसला तो बसलाच.

गंमत अशी की माझी सगळी नोकरी केंद्रक नसलेल्या पेशींच्या संगतीत गेली. आम्ही ज्या पिशव्या साठवतो, तपासतो, इश्यू करतो, त्यांतल्या बहुतेकांत एक तर तांबड्या पेशी असतात, नाही तर प्लेटलेट. दोन्हींना केंद्रक नाही. तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होताना शेवटच्या टप्प्यावर आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. प्लेटलेट तर मज्जेतल्या एका अवाढव्य पेशीच्या लांबट फाट्यांपासून सुटतात. अशा एकेका पेशीपासून हजारोंनी. या दोघींना मी जिवंतांच्या यादीतून केव्हाच वगळलं होतं. तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिन भरलेली पिशवी, प्लेटलेट म्हणजे तुकडा. शिकायला येणाऱ्या मुलामुलींनाही मी हेच सांगत आले, याच शब्दांत आणि चांगल्या ठाम आवाजात.

या दोघी जिवंत आहेत हे मला माहीत नव्हतं, याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची, की पुरावा रोज माझ्या हातांतून जात होता. तांबड्या पेशींच्या पिशवीत ग्लुकोज आणि ॲडेनिन असलेलं द्रावण असतं. कशासाठी, असं कुणी विचारलं तर ‘2 ते 6 अंशांत 42 दिवस टिकाव्यात म्हणून’ हे उत्तर माझ्या जिभेवर तयार. पण नुसत्या पिशवीला ग्लुकोज कशाला लागतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. प्लेटलेटची बॅग खास प्लास्टिकची असते. त्यातून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ॲजिटेटरवर ती रात्रंदिवस हलत ठेवायची, तेही याच देवघेवीसाठी. तुकड्याला श्वास कशाला, हेही मी विचारलं नाही. नियम पाठ झाला की प्रश्न पडायचे थांबतात, निदान माझे तरी थांबले.

मग ती रात्र आली. पावसाळा सरत आला होता, डेंग्यू जोरात होता. अशा दिवसांत रक्तपेढीच्या खिडकीवर येणारा प्रत्येक जण ‘प्लेटलेट्स’ हा एकच शब्द घेऊन येतो. रात्रपाळीला मी होते. वीज गेली, जनरेटरवर फ्रिज चालू राहिले, पण प्लेटलेटच्या खोलीतला एसी बंद पडला आणि खोली तापू लागली. प्लेटलेट 20 ते 24 अंशांतच ठेवायच्या, हा नियम मला माहीत होता. पटलेला नव्हता. उकाड्यात माल नासेल, थंडीत काय होणार आहे तुकड्यांना, असा विचार करून मी सगळ्या बॅगा तांबड्या पेशींच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. वर थोडी स्वतःवर खूषही झाले. सकाळी, एसी सुरू झाल्यावर, बॅगा परत ॲजिटेटरवर चढवल्या आणि वहीत तशी नोंद केली. एवढं तरी बरं केलं.

वही वाचून आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी एक बॅग उचलली आणि ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच दाबली. याला आम्ही स्वर्लिंग बघणं म्हणतो. प्लेटलेट चांगल्या असल्या की दाबल्याबरोबर त्या पिवळसर द्रवात एक झळाळी उठते आणि भोवऱ्यासारखी फिरते. निरोगी प्लेटलेट चपट्या चकतीच्या आकाराची असते. द्रव हलला की अशा कोट्यवधी चकत्या प्रवाहाबरोबर एका दिशेनं वळतात आणि प्रकाश एका लयीत विखुरतात, म्हणून ती झळाळी. त्या गोल झाल्या की वळण्याला अर्थच उरत नाही, कारण गोल कुठूनही सारखाच. मॅडमनी बॅग दाबली. काहीच हललं नाही. गढूळ पाणी भरून ठेवल्यासारखी ती बॅग दिसत होती. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळ्या तशाच.

“आकार सोडला यांनी,” मॅडम म्हणाल्या.

मी ओशाळले होते, पण माझ्यातला साहेब गप्प बसेना. म्हटलं, “मॅडम, थंडीत सगळंच मंदावतं. मग या गपगार पडायला हव्या होत्या. आहेत तशाच राहायला हव्या होत्या.”

“पण राहिल्या नाहीत ना. काटे काढून गोल झाल्यात.” आणि त्या बॅगा डिस्कार्ड करायला सांगून निघून गेल्या. त्यांना राउंडला उशीर होत होता.

त्या दिवशी रुग्णांसाठी दुसऱ्या पेढीतून प्लेटलेट आल्या, म्हणून माझं निभावलं. पण बॅगांवर ‘बाद’ची चिठ्ठी लावताना मी स्वतःच टाकलेला पेच मला सोडवेना. निर्जीव वस्तू थंडीत ठेवली तर ती जशीच्या तशी राहते. तिला आकार बदलायचं कारणच नाही. या बदलल्या, म्हणजे आदल्या संध्याकाळपर्यंत काही तरी त्यांना चपटं धरून ठेवत होतं, आणि ते थंडीनं अडलं. मी रोज लाइटसमोर बॅग धरून जी झळाळी बघत होते, ती वस्तूची चमक म्हणून बघत होते. ती तर चाललेल्या कामाची खूण होती. चपटेपणा कुणी एकदा घडवून दिलेला नव्हता. क्षणोक्षणी सांभाळला जात होता, आणि सांभाळणाऱ्यांत साहेब कुठेच नव्हता.

मग मी वाचायला लागले, जरा वैतागूनच. प्लेटलेटच्या कडेनं, आतल्या बाजूला, अतिसूक्ष्म नलिकांचं वेटोळं असतं. ते तिला चपटं ताणून धरतं. हे वेटोळं थंडीत विरघळतं. शिवाय पेशीच्या आतल्या द्रवात कॅल्शियम रक्तद्रवापेक्षा सुमारे दहा हजारपट कमी राखलेलं असतं. ते उपसून कप्प्यात कोंडणारे पंप असतात, आणि थंडीत ते रेंगाळतात. आत कॅल्शियम वाढलं की प्लेटलेटला वाटतं जखम झाली, आणि ती काटे काढून चिकटायला सज्ज होते. प्लेटलेट थंड न ठेवता खोलीच्या तापमानाला ठेवाव्यात, हे 1969 साली मर्फी आणि गार्डनर या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं: थंड केलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या रक्तातून फार लवकर नाहीशा होत होत्या. चालू रक्तस्रावात थंड प्लेटलेटचा उपयोग करतात म्हणे काही ठिकाणी, कारण त्या पटकन चिकटतात. पण ज्याला त्या रक्तात फिरत्या हव्यात, त्याच्यासाठी मी रात्रभरात माल वाया घालवला होता.

इतकं होऊनही मी हार मानली, असं नाही. मी साहेबाची बाजू लढवली. (तोवर मी पेढीची इनचार्ज झाले होते, हेही सांगितलेलं बरं. साहेबाच्या बाजूनं बोलण्यात थोडा माझाही स्वार्थ असेल.) माझा युक्तिवाद असा होता: हे सगळे जुने आदेश आहेत. मज्जेतल्या मोठ्या पेशीच्या केंद्रकानं आधीच सगळं लिहून दिलंय, प्लेटलेट फक्त ते वाचून दाखवते. 1998 साली अमेरिकेत वायरिख आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्लेटलेट सोबत आणलेल्या आरएनएपासून गरजेच्या वेळी नवं प्रथिनही बनवते. तेव्हाही मी म्हटलं, बघा, आदेशच तो.

पण माझ्याच युक्तिवादात भोक होतं. आदेश लिहिलेला आहे, कबूल. तो कधी वाचायचा हे कोण ठरवतं? 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्लेटलेटचं घड्याळ शोधलं. तिच्यात मरण आणणारं एक प्रथिन असतं आणि त्याला धरून ठेवणारं दुसरं असतं. धरणारं हळूहळू झिजतं, आणि माणसाच्या रक्तात साधारण 7 ते 10 दिवसांनी प्लेटलेट शिस्तीत मरते. केंद्रक नाही, तरी स्वतःचं मरण स्वतः मोजते. मी तिला तुकडा म्हणत होते.

एथेल ब्राउन हार्वी यांचं काम मला उशिरा सापडलं. 1936 साली या अमेरिकन बाईंनी समुद्री अर्चिनची अंडी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यांचे दोन भाग केले, एकात केंद्रक आणि दुसऱ्यात नाही. (सेंट्रिफ्यूज हे माझं रोजचं यंत्र, मी त्यावर रक्त वेगळं करण्यापलीकडे काही केलं नाही.) केंद्रक नसलेल्या अर्ध्यांना त्यांनी चालना दिली, तर ते विभागायला लागले. दोनाचे चार, चाराचे आठ, असं करत काही शेकड्यांपर्यंत गेले. पुढे जीव घडला नाही, हे खरं. केंद्रकाशिवाय फार लांबचा पल्ला गाठता येत नाही, आणि मी आता उलट्या टोकाला जाऊन केंद्रकाला बिनकामाचं म्हणणार नाही. जर्मनीत हेमरलिंग यांनी ॲसिटॅब्युलेरिया या छत्रीसारख्या एकपेशी समुद्री शेवाळाचं केंद्रक असलेलं टोक छाटलं. उरलेल्या देठाला नवी छत्री उगवली. पण त्याच देठावर दुसऱ्या जातीचं केंद्रक बसवलं, तर शेवटी छत्री त्या दुसऱ्या जातीची आली. कोणती छत्री, हे केंद्रक ठरवतं. उगवायचं काम देठ करतो.

तरी मला पुरतं गप्प केलं ते आमच्या घरच्या पेशीनं, तांबडीनं. तिनं टाकून दिलेल्या केंद्रकाचं काय होतं, हे मी पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचलं होतं: भक्षक पेशी ते गिळते. का गिळते, हे जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या प्रयोगशाळेनं 2005 मध्ये दाखवलं. पेशीपासून सुटलेल्या केंद्रकाची ऊर्जा, म्हणजे एटीपी, झपाट्यानं संपते. एटीपी असतं तोवर पटलाच्या आतल्या बाजूला राखलेला एक स्निग्ध रेणू मग बाहेरच्या बाजूला येतो. ‘मला खा’ अशी ती खूण. भक्षक पेशी ती ओळखते आणि साहेबाला खाऊन टाकते. आणि मागे उरलेली, मी जिला पिशवी म्हणत होते ती? तिच्याकडे केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, ती ग्लुकोज मोडून तेवढ्यावर भागवते. एका एटीपीच्या बदल्यात तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असा पंप अखंड चालवते. स्वतःच्या रुंदीहून अरुंद केशवाहिन्यांतून आणि प्लीहेतल्या त्याहून बारीक फटींतून अंग आक्रसून जाते, पलीकडे पुन्हा चकती होते, आणि असं सुमारे 120 दिवस जगते.

दोघं वेगळे झाले तेव्हा जगलं कोण, हा प्रश्न इतका साधा होता. मी तो उलटा धरून बसले होते. मूळ आदेश कुणाकडे आहेत, त्यावरून मी जिवंत कोण ते ठरवत होते. आता मी आधी विचारते, आतबाहेरचा फरक कोण राखून आहे? डीएनए वेगळा काढून मीही पाहिलाय, अल्कोहोलमध्ये पांढरे धागे दिसतात. फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्याला ग्लुकोज लागत नाही, श्वास लागत नाही, आणि थंडीनं त्याचं काही बिघडत नाही. तुकड्याकडून मी जी अपेक्षा केली होती, ती सगळी तो पुरी करतो.

शिकायला येणाऱ्यांना आता मी बॅग लाइटसमोर धरायला लावते आणि विचारते, ही झळाळी टिकवून कोण धरतंय? बहुतेक जण म्हणतात, ॲजिटेटर. उत्तर वाईट नाही. ॲजिटेटर थांबला तर प्राणवायूची देवघेव कमी पडते, आम्ल वाढतं आणि झळाळी जातेच. मग आम्ही तिथून पुढे बोलतो. एका मुलीनं परवा विचारलं, मग मॅडम, परीक्षेत काय लिहायचं, प्लेटलेट ही पेशी की पेशीचा तुकडा? तुकडाच लिही, म्हटलं. गुण त्यालाच आहेत.